सायकलच्या हबचे छर्रे कसे निवडावेत, कोन (शंकूसारखा नट) कसा लावावा

चाकातून खरखर यायला लागली की कोणीतरी हमखास सांगतं, "हबात दोन थेंब तेल सोड." सोडू नका. हब म्हणजे चाकाचा मधला भाग; तेलानं त्याच्या आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि आपल्या सोलापूरची धूळ त्याला चिकटून आत जाते. मी दरवर्षी जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की, ऊन तापायच्या आत, दोन्ही चाकं उघडतो. हब पाण्यात बुडाला असेल तर मात्र लगेच.

डाव्या बाजूचा चेकनट (कोन जागेवर आवळून धरणारा बाहेरचा नट) आणि त्याच्या आतला, छर्ऱ्यांना टेकणारा कोन सोडा, एक्सल (चाकाचा मधला दांडा) ओढा, छर्रे मोजून ठेवा. सगळं रॉकेलनं धुऊन कोरडं करा.

बहुतेक हबांत पुढे 3/16 इंची छर्रे, दर बाजूला 10. मागे 1/4 इंची, दर बाजूला 9. तरी जुना छर्रा सोबत नेऊनच घ्या. एक खराब निघाला तरी सगळे बदला. जुन्या-नव्यात एखादा किंचित मोठा असला की भार त्याच्यावरच येतो. जाळीतले (पत्र्याच्या कड्यात अडकवलेले) छर्रे बसवायला सोपे, पण जाळीत ते कमी मावतात. मी सुटेच घालतो. कोनवर नख फिरवा, खड्डा लागला तर कोन नवा घ्या. सुट्या छर्ऱ्यांऐवजी सीलबंद बेअरिंग असेल तर त्यावरचा नंबर बघून तेच आणा. उदाहरणार्थ 6001 म्हणजे आतून 12, बाहेरून 28 आणि रुंदी 8 मिलिमीटर. बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्या.

कपात (हबमधल्या छर्ऱ्यांच्या वाटीत) ग्रीस भरा, छर्रे त्यात बसवा, एक्सल घाला.

आता कोन लावणं. इथंच मी दोन वर्षं चुकत होतो. कोन बोटानं बरोबर लावायचो आणि मग चेकनट कसायचो. पण चेकनट कसताना कोनही आत सरकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी अक्कलकोटला जाऊन आलो, चाक सारखं जड. घरी उघडलं तर नव्या कोनवर खड्डे पडलेले.

म्हणून कोनला धरायला पातळ पाना पाहिजेच. साधा जाड पाना तिथं बसत नाही, पकडीनं कोनच्या कडा जातात. कोन पातळ पान्यानं घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्यानं चेकनट कसा. मग एक्सल दोन बोटांत फिरवा. अडखळला तर कोन घट्ट आहे, हलवल्यावर खटखटला तर ढिला. थोडाच घट्ट वाटला तर चेकनट सोडू नका. दोन्ही बाजूंच्या कोनना पाने लावून दोन्ही किंचित बाहेरच्या दिशेनं फिरवा. नट सोडून पहिल्यापासून सुरुवात केली की तीच चूक पुन्हा होते.

नटाचं एक्सल असेल तर हातात असतानाच प्ले (ढिलेपणाची हालचाल) शून्य हवा. क्विक रिलीजचं (नटाऐवजी खटक्यानं आवळायचं) असेल तर अगदी थोडा प्ले ठेवा, कारण खटका आवळल्यावर पोकळ एक्सल दाबलं जातं आणि तो प्ले निघून जातो. "सगळ्याच हबांत थोडा प्ले ठेवा" हा सल्ला नटाच्या एक्सलला लावलात तर चाक डगडगेल आणि छर्रे कपात आपटत राहतील.

चाक बसवून रिम चिमट्याजवळ (चाक ज्यात बसतं त्या दांड्यांजवळ) धरा आणि डावी-उजवी हलवा. खटखट जाणवली तर चाक पुन्हा काढा, तसंच रस्त्यावर नेऊ नका.