औषध योजनेत बसतंय का, हे विचारायला जायच्या आधी

पहिलं म्हणजे महात्मा फुले योजना काय आणि आयुष्मान भारत काय, या औषधांच्या योजना नाहीतच, उपचारांच्या आहेत. बीपीची, थायरॉइडची गोळी आपण दर महिन्याला मेडिकलमधून आणतो तिचं बिल यात निघत नाही, ओपीडीचं साधारणपणे निघत नाही, मग कार्डावर 5 लाखांचं कव्हर असू दे नाहीतर 70 वर्षांवरच्यांचं वय वंदना कार्ड असू दे. पण केमोचं इंजेक्शन पॅकेजमध्ये, म्हणजे त्या आजारासाठी योजनेनं ठरवलेल्या उपचारात, असेल तर तेच औषध फुकट. म्हणून खिडकीवर "हे औषध मिळतं का" विचारलंत की "नाही" ऐकून परत याल, विचारायचं असं की या आजाराला कुठलं पॅकेज आहे आणि त्यात हे औषध धरलंय का. आमच्या आत्याच्या वेळी एवढं कळायला दोन फेऱ्या गेल्या.

आता निघायच्या आधी. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं नको, आणि कॅपिटलमध्ये लिहायला सांगा प्लीज, कारण यादीत ट्रास्टुझुमॅब, इमॅटिनिब असंच सापडतं. सोबत आजाराचं नेमकं नाव, डोस, किती सायकल हेही पाहिजे, कारण पॅकेज आजारावर ठरतं, औषध तेच आणि आजार दुसरा असला की उत्तर बदलू शकतं. बायोप्सीचा किंवा जो काय रिपोर्ट असेल तो ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही. आधार, रेशनकार्ड घ्या, दोन्हीवर पेशंटचं नाव सारखंच आहे ना ते घरीच बघा, आणि आधारला लिंक असलेला मोबाइल बरोबर ठेवा, ओटीपी गावाकडच्या फोनवर गेला की बसा मग.

हॉस्पिटल योजनेत आहे एवढ्यावर खूश होऊ नका, तुमच्या आजाराच्या विभागासाठी आहे का ते 155388 किंवा 14555 या हेल्पलाइनवर फोन करून विचारा. तिथे पोचल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलमध्ये बसणारा योजनेचा माणूस गाठायचा, रिसेप्शन नंतर. आणि मंजुरी यायच्या आधी स्वतःच्या खिशातून औषध आणू नका, कॅशलेस योजना आहे, बिलं दाखवून पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. ॲडमिट असताना कुणी "हे बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी दिली तर ती घेऊन सरळ आरोग्यमित्राकडे जा, तिथे नाही भागलं तर हेल्पलाइनवर तक्रार. डिस्चार्जच्या दिवशी घरी न्यायच्या गोळ्या मागायला विसरू नका, आयुष्मानच्या नियमात त्यानंतरच्या 15 दिवसांपर्यंतची औषधं धरलेली आहेत.

आणि उत्तर नाहीच आलं तर? पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर त्यांच्या दवाखान्यात ओपीडीची औषधंही मिळतात, हे कितीतरी नोकरदारांच्या लक्षातच नसतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी तिथेच विचारा. नाहीतर जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान, आणि तिथेही ते कॅपिटलमधलं मूळ नावच लागतं, ती चिठ्ठी फेकू नका.