म्युनिकमधील 'यू-१' पाणबुडी कशी पाहावी

जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी 'यू-१' म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये जतन केलेली आहे. संग्रहालयाचे नूतनीकरण टप्प्याटप्प्याने होत असल्याने, तिचे दालन खुले आहे याची खात्री करूनच जावे.

कील येथील गेर्मानियावेर्फ्ट गोदीत बांधलेली ही सुमारे ४२ मीटर लांबीची नौका १९०६ मध्ये नौदलात दाखल झाली. प्रथम पुढच्या टोकाकडील एकमेव टॉर्पेडो नळी पाहावी. एवढ्या तुटपुंज्या शस्त्रबळावरून ती पहिल्या महायुद्धात केवळ प्रशिक्षणासाठी का वापरली गेली, हे उमगते.

त्यानंतर, आतील रचना दिसावी म्हणून कवचाची एक बाजू कापून उघडी ठेवली आहे, तेथे निवांत थांबावे. पृष्ठभागावर चालण्यासाठी कोर्टिंग कंपनीची केरोसीनवरील इंजिने आणि पाण्याखाली विद्युत मोटारी, अशी ही जोडव्यवस्था होती. केरोसीन पेट्रोलपेक्षा सुरक्षित खरे, परंतु त्याचा दाट धूर दुरूनच नौकेचा ठावठिकाणा सांगत असे, आणि लपून राहणे हेच जिचे काम, तिच्यासाठी हा दोष मोठाच म्हणावा लागेल. डिझेल इंजिने जर्मन पाणबुड्यांत पुढे 'यू-१९' पासून आली.