जुन्या वस्तीतली घरं बघायची कशी

सगळ्यात आधी, एकच गल्ली घ्या. अख्खी वस्ती नको. आणि ती गल्ली दोनदा चाला, जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या, कारण घर बघायचं तर ते समोरच्या फुटपाथवरून, भिंतीला खेटून चाललात तर दारं आणि पाट्या सोडून काही दिसत नाही. एका दिवसात पंधरा ठिकाणं करणारे लोक मी बघते, फोनमध्ये दोनशे फोटो येतात आणि आठवड्याने एकही घर आठवत नाही, त्यापेक्षा चार घरं नीट बघितलेली मला कधीही चालतील.

वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची ठेवा. ऊन तिरपं पडलं की भिंतीवरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, डागडुजी केलेली जागा लगेच कळते. भर दुपारी तीच भिंत सपाट दिसते.

आता नजर कुठून सुरू करायची, तर जोत्यापासून. सगळे आधी वरची नक्षी बघतात, मी म्हणते खालून वर जा, जसं घर बांधलं गेलं तसंच. जोत्याचा दगड कुठला, पायऱ्या किती आणि त्या मधोमध झिजल्यात का, तळघराला झरोके आहेत का, एवढं बघून मग भिंतीवर या. भिंत विटांची असेल आणि गिलावा नसेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण विटा खूप काही सांगतात. कुठे विटेची लांब बाजू दिसते आणि कुठे नुसतं टोक, ते बघा. एकाच थरात लांब बाजू, टोक, लांब बाजू, टोक असं आलं तर त्या रचनेला फ्लेमिश बाँड म्हणतात, आणि एक अख्खा थर लांब बाजूंचा आणि त्यावर एक थर टोकांचा असेल तर तो इंग्लिश बाँड. टोकं दिसतात म्हणजे ती वीट भिंतीत आत शिरलेली आहे, म्हणजे बहुतेक वेळा भिंत भरीव आणि जाड. सगळीकडे फक्त लांब बाजूच दिसत असतील तर बहुधा ती भिंत पातळ किंवा आतून पोकळ आहे, आणि बऱ्याचदा नंतरची.

विटांमधल्या दरजा पण बघा. जुनी घरं चुन्यात बांधलेली, चुना मऊ असतो, भिंतीतली ओल दरजांमधून बाहेर निघून जाते. नंतर कुणीतरी मजबुती म्हणून त्याच दरजा सिमेंटने भरतं, मग ओल बाहेर पडायला फक्त वीट उरते आणि विटेचा पापुद्रा सुटायला लागतो. सिमेंटच्या दरजा तशाच उभ्या आणि मधली वीट आत खात गेलेली, अशी भिंत दिसली की मला खरंच वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं असतं.

मग खिडक्या, आणि इथे मात्र वेळ द्या. चौकट भिंतीच्या किती आत आहे? लंडनमध्ये आगीच्या भीतीने 1709 च्या कायद्याने लाकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला लावली, आणि 1774 च्या कायद्याने ती जवळजवळ पूर्ण विटांमागे गेली, म्हणून तिथे चौकट बघून घराच्या काळाचा अंदाज लावतात. नुसता अंदाजच हां, कारण चौकटी बदललेल्या असतात. विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच खिडकी-कराचं नाव घेतात, इंग्लंडमध्ये तो 1696 ते 1851 होता हे खरं, पण काही खिडक्या पहिल्यापासूनच आंधळ्या असतात, फक्त दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी दिसावी म्हणून केलेल्या. कडेच्या विटा सलग आहेत की कापून बसवल्यात ते बघा, त्यावरून बरंच उलगडतं.

काच बघायची असेल तर तिच्यातलं प्रतिबिंब बघा. समोरच्या छपराची सरळ कड काचेत दिसते ना, ती बघत एक पाऊल बाजूला सरका. जुनी काच असेल तर ती कड पाण्यात हलल्यासारखी वाकते, आणि शेजारच्या चौकोनात एकदम सरळ राहिली तर तो चौकोन नंतर बदललाय. वितळलेल्या कथलावर काच ओतायची पद्धत 1950 च्या दशकात आली, त्यानंतर अशी एकदम सपाट काच सगळीकडे झाली. जुनी काच हळूहळू खाली ओघळते म्हणून तळाशी जाड होते असं सांगतात ते खरं नाही, ती बनतानाच कमीजास्त जाडीची व्हायची.

मजल्यांची उंची पण मोजा, डोळ्यांनीच. पॅरिसमध्ये ओस्मान या अधिकाऱ्याने शहर नव्याने आखलं त्या काळात, 1853 ते 1870, ज्या इमारती झाल्या त्यात दुसरा मजला सगळ्यात मानाचा, मोठ्या खिडक्या आणि सलग बाल्कनी त्याला, आणि पोटमाळ्यावर नोकरांच्या खोल्या. कारण साधं आहे, लिफ्ट नव्हती. रस्त्याच्या आवाजापासून वर पण जिने फार चढायला नकोत, अशी ती जागा. वर जावं तशी खिडकी लहान होत गेली की समजा चढायचा त्रास भाड्यात धरला जात होता.

भिंतीवर लोखंडी फुली, चांदणी किंवा एस अक्षरासारखं काही दिसलं तर ती नुसती नक्षी समजू नका, ते आतल्या तुळईला किंवा आरपार गेलेल्या सळईला जोडलेलं असतं, भिंत बाहेर फुगू नये म्हणून. नेदरलँड्समध्ये तर अशा लोखंडी अंकांनी बांधकामाचं सालच लिहिलेलं सापडतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या घरांच्या शिखराशी बाहेर आलेली तुळई आणि आकडा असतो, जिने अरुंद आणि उभे म्हणून सामान दोराने खिडकीतून वर घ्यायचं, आणि वर जाणारं ओझं भिंतीला घासू नये म्हणून बरीच घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधलेली. माहीत नसेल तर वाटतं पडायला आलंय.

लोकांच्या खिडकीत डोकावू नका, तिथे माणसं राहतात. कुणी दारात असेल तर हसून विचारा, फोटो काढू का. बरेच जण स्वतःहून सांगायला लागतात की हा जिना नंतरचा, ती खोली पूर्वी एकच होती, आणि हे तुम्हाला कुठल्याच पाटीवर मिळत नाही.

शेवटी एक छोटी वही लागेलच. चित्र चांगलं यायची गरज नाही, एकाच घराचा दर्शनी भाग चौकोन चौकोन करून काढा, खिडक्या मोजत. काढताना एखाद्या बाजूला खिडकी जास्त निघते, किंवा दार मधोमध नाहीच असं लक्षात येतं, तेव्हा वही खाली करून पुन्हा बघा, बहुतेक वेळा तिथे दोन घरं एक केलेली असतात आणि विटांमधला उभा सांधा तुम्हाला तेव्हा दिसतो.