एकट्या कोअर स्विचला जोडीदार कसा द्यायचा

लहान ऑफिसात सर्व्हर, फायरवॉल, वायफाय, फोन सगळं एकाच कोअर स्विचवर (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या मुख्य स्विचवर) असतं. तो बंद पडला की ऑफिस बंद. दुसरा स्विच विकत घेणं सोपं आहे, पण पहिला गेल्यावर तो खरोखर काम उचलेल अशी मांडणी करणं हेच खरं काम.

आधी ठरवा, स्टॅक की दोन स्वतंत्र स्विच? स्टॅकमध्ये दोन्ही मिळून एकच स्विच दिसतो, कॉन्फिग एकदाच लिहावं लागतं. पण बऱ्याच मॉडेलांत फर्मवेअर बदलताना अख्खा स्टॅक रीस्टार्ट होतो आणि कॉन्फिगमधली एक चूक दोघांनाही एकदम भोवते. म्हणून मी दोन स्वतंत्र स्विचच पसंत करतो. पुढचं सगळं त्याच मांडणीचं आहे.

दोन्ही कोअर एकमेकांना दोन केबलनी जोडा, त्यांवर एलएसीपी (अनेक केबलची मिळून एक लिंक करणारा प्रोटोकॉल) लावा आणि सगळे व्हीलॅन (त्याच स्विचांवर वेगळी केलेली आभासी नेटवर्क) त्यावरून जाऊ द्या. प्रत्येक ॲक्सेस स्विचची (ज्याला पीसी, फोन जोडतात त्याची) एक अपलिंक, म्हणजे वर जाणारी केबल, पहिल्या कोअरला, एक दुसऱ्याला. यातून लूप, म्हणजे पॅकेट गोल फिरत राहतील असा मार्ग, तयार होतो. तो आरएसटीपी (जादा मार्ग बंद ठेवणारा प्रोटोकॉल) अडवतो, शिवाय बिघाडानंतर मार्ग बदलायला जुन्या एसटीपीसारखे ३० ते ५० सेकंद घेत नाही.

रूट, म्हणजे आरएसटीपी ज्याला केंद्र मानून मार्ग ठरवतो तो स्विच, मात्र तुम्ही ठरवा. इथे प्रायॉरिटीचा लहान आकडा जिंकतो. सगळ्या स्विचांची मूळ प्रायॉरिटी ३२७६८ असते आणि बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक (हार्डवेअर) पत्त्याचा स्विच रूट होतो, म्हणजे कोपऱ्यातला एखादा जुनाट स्विचही. पहिल्या कोअरला ४०९६, दुसऱ्याला ८१९२ द्या. कर्मचाऱ्यांच्या पोर्टांवर एज पोर्ट (पोर्ट लगेच सुरू करणारी सेटिंग) आणि बीपीडीयू गार्ड (तिथे कुणी स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी) हवेतच.

आता गेटवे, म्हणजे पीसी बाहेरच्या नेटवर्कसाठी ज्या पत्त्याकडे पॅकेट पाठवतो तो. पीसींचा गेटवे १९२.१६८.१०.१ असेल, तर तोच व्हीआरआरपीचा (दोन कोअरमध्ये एक पत्ता वाटून घेणाऱ्या प्रोटोकॉलचा) व्हर्च्युअल पत्ता करा आणि कोअरना .२ व .३ द्या. एकाही पीसीला हात लावावा लागत नाही. पहिल्याची प्रायॉरिटी ११०, दुसऱ्याची १००; व्हीआरआरपीत मोठा आकडा जिंकतो. जो रूट, तोच व्हीआरआरपी मास्टर (व्हर्च्युअल पत्ता सांभाळणारा), नाहीतर ट्रॅफिक उगाच दोन कोअरमधल्या लिंकवरून फिरत बसतो. मास्टरकडून दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ अशी जाहिरात जात असेल, तर दुसरा साधारण चार सेकंदांत ताबा घेतो. डीएचसीपी रिले (पीसीची आयपी पत्त्याची मागणी सर्व्हरकडे पोचवणारी सेटिंग) आणि डीफॉल्ट रूट (इथे रूट म्हणजे बाहेर जायचा मार्ग) दुसऱ्यावरही लिहा. फायरवॉलकडच्या व्हीलॅनवरही व्हीआरआरपी लावा आणि फायरवॉलचा परतीचा रूट त्या व्हर्च्युअल पत्त्याकडे वळवा. हे राहिलं तर पॅकेट बाहेर जातात, परत येत नाहीत.

सर्व्हरची एक केबल इकडे, एक तिकडे. स्वतंत्र स्विचांवर सर्व्हरला एलएसीपी चालत नाही, टीमिंग (सर्व्हरच्या दोन नेटवर्क पोर्टांची जोडी) ॲक्टिव्ह-बॅकअप ठेवा, म्हणजे एक चालू, दुसरा राखीव. फायरवॉल एकच असेल आणि त्याची केबल फक्त पहिल्या कोअरला असेल, तर इंटरनेटपुरती ही सगळी मेहनत वाया. दोन्हीकडे जोडता येतो का ते पाहा. आणि दोन्ही कोअर वेगवेगळ्या यूपीएसवर ठेवा. एकाच पॉवर स्ट्रिपवर दोघे बसलेले दिसले की मला राहवत नाही.

चाचणी कामाची वेळ संपल्यावर घ्या. एका पीसीवरून सर्व्हरला आणि बाहेरच्या एका पत्त्याला सतत पिंग लावा आणि पहिल्या कोअरची पॉवर केबल थेट काढा. नुसता पोर्ट शटडाउन केला तर बिघाडाची खरी नक्कल होत नाही. मग केबल परत लावून पिंगवर तितकंच लक्ष ठेवा. स्विच उठल्याबरोबर मास्टर होऊ पाहतो, पण त्याच्या अपलिंक अजून तयार नसतात, म्हणून परतताना जास्त पॅकेट गळू शकतात. तसं दिसलं तर प्रीएम्प्ट डिले (मास्टरपद परत घेण्याआधीची थांबण्याची वेळ) ६० सेकंद किंवा जास्त ठेवा आणि केबल पुन्हा काढून बघा.