जवळचं कॉम्प्युटर की लांबचं इलेक्ट्रिकल? कॉलेज निवडतानाचा माझा अनुभव

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांचे, ऑप्शन फॉर्म सुरू झाले की दरवर्षी ऐरोलीतल्या ओळखीतून कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, ताई घराजवळचं प्रायव्हेट घेऊ की लांबचं गव्हर्मेंट? फोनवर घाईघाईत अर्धवटच सांगितलं जातं म्हणून यावेळी सगळं नीट लिहून काढतेय.

माझ्यासमोर दोन कॉलेजं होती आणि दोघांत काही म्हणजे काही सारखं नव्हतं. एक नवी मुंबईतलं प्रायव्हेट, ब्रँच कॉम्प्युटर, घरून लोकलने जाऊन येऊन. दुसरं कराडचं शासकीय अभियांत्रिकी, 1960 सालचं कॉलेज, ब्रँच इलेक्ट्रिकल, घरापासून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. मागच्या वर्षीचे कटऑफ बघता दोन्हीकडे नंबर लागेल असं वाटत होतं, म्हणजे प्रश्न एवढाच की फॉर्ममध्ये एक नंबरला कोणाला टाकायचं. पण तो छोटा प्रश्न नाहीये, कारण पहिल्या राउंडला पहिला प्रेफरन्स मिळाला की सीट आपोआप फ्रीज होते, मग पुढच्या राउंडला बघू असं काही राहत नाही.

घरात जो तो आपापलं सांगत होता. मावशी म्हणाली कॉम्प्युटर सोडून कोणी इलेक्ट्रिकल घेतं का गं. आईला हॉस्टेलची काळजी. पप्पा रबाळेला एमआयडीसीत कामाला, ते फक्त एवढंच बोलले की दोन्ही कॉलेजं डोळ्यांनी बघून ये, मग बोल. तेच केलं, आणि मला वाटतं आख्ख्या भानगडीत तेवढं एक शहाणपणाचं काम झालं.

आता हे नीट ऐका. कॉलेज बघायला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका. सकाळी गेटवर माणूस असतो, ब्रोशर देतात, एसी लॅब उघडून दाखवतात. तुम्ही संध्याकाळी पाच-साडेपाचला जा, लेक्चर संपल्यावर. जवळच्या कॉलेजात मी साडेपाचला गेले तर मजले रिकामे, लॅबला कुलूप, एक शिपाई काका दिवे बंद करत चाललेले. मुलांची चूक नाही त्यात, प्रत्येकाला ट्रेन गाठायची असते, कोणाला बदलापूर, कोणाला डोंबिवली. कराडला त्याच वेळेला गेले तर वर्कशॉपच्या बाजूला सात-आठ पोरंपोरी जमिनीवर मोटर उघडून बसलेली, त्यातली एक मला म्हणाली, "बस की, उभी का?" आणि हातात मल्टीमीटरच दिला. मी तासभर तिथेच बसले. चार वर्षं कोणासोबत काढायची ते मला त्या तासाभरात कळलं, वेबसाइटवरून नसतं कळलं.

प्लेसमेंटचं पण विचाराच पण नीट विचारा. जवळच्या कॉलेजच्या काउंटरवर मला मोठा आकडा सांगितला, मी विचारलं की एवढ्या मुलांना नोकऱ्या लागल्या का, तेव्हा कळलं की तो आकडा ऑफरचा आहे, एका मुलाला तीन कंपन्यांनी घेतलं तर तीन धरलेले. कुठल्याही कॉलेजात जा, विचारायचं असं की माझ्या ब्रँचमधून किती मुलं बसली, त्यातल्या किती वेगवेगळ्या मुलांना ऑफर आली, आणि मधल्या नंबरच्या मुलाला किती पॅकेज. सगळ्यात मोठं पॅकेज एकाच मुलाचं असतं, त्याचं काय करायचंय आपल्याला.

मग वेळेचा हिशोब. कालनिर्णयच्या पानामागे मांडला होता, आईने ते पान अजून ठेवलंय. ऐरोलीहून सकाळी पनवेल लोकल पकडायची तर ती ठाण्याहूनच भरून येते, घर ते वर्ग आणि परत मिळून रोजचे अडीच तास. वर्षाचे 180 दिवस धरले तर साडेचारशे तास नुसते प्रवासात. लोकलमध्ये अभ्यास होतो असं सगळे म्हणतात, पण उभ्याने, बॅग पुढे घेऊन, काय डोंबल होतो.

पैशाचं गणित फक्त ट्यूशन फीवर करू नका. गव्हर्मेंटची फी कमी असते पण त्यात हॉस्टेल, मेस, दिवाळी-गणपतीचं जाणं-येणं मिळवा, आणि हॉस्टेल मिळेलच असं धरून चालू नका, रूम करून राहायचा खर्चही मांडून ठेवा. मुलींसाठी 2024-25 पासून मोठा फरक पडलाय, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींचं कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर कॅपमधून घेतलेल्या सीटला ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, प्रायव्हेटलासुद्धा. मॅनेजमेंट कोट्याला ते नाही. त्यामुळे माझ्या वेळचं "प्रायव्हेट परवडत नाही" हे कारण तुमच्यापैकी काहीजणींना आता लागूच होणार नाही, मग खरंच काय हवंय याचा विचार करायला मोकळ्या आहात तुम्ही. उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा, ऐनवेळी सेतूत रांगा असतात.

मी कराड एक नंबरला टाकलं आणि पहिल्याच राउंडला मिळालं. सकाळी ठाण्याला कोयना एक्सप्रेस पकडली की संध्याकाळी कराड, स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला, तिथून पुढे रिक्षा. पहिले दोन महिने रोज रात्री रडायचे, हे लपवत नाही. रूममेट साताऱ्याकडची, तिच्या आईने पाठवलेली भाकरी-खर्डा पुढ्यात ठेवून म्हणायची, "आधी जेव, मग रड." तिच्यामुळे टिकले.

आणि इलेक्ट्रिकलचं म्हणाल तर लहानपणापासून ठाणे-बेलापूर रोडवरून जाताना टॉवर आणि तारा बघत आले होते, ऐरोलीतच राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर आहे, आख्ख्या महाराष्ट्रात वीज किती लागतेय आणि कुठून आणायची ते तिथून सांभाळतात, आणि मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. कॉलेजला असताना आम्ही कोयना प्रकल्प बघायला गेलो, 1960 मेगावॅटचा. संध्याकाळी शहरात दिवे लागतात, मागणी एकदम चढते, तेव्हा पाणी सोडून काही मिनिटांत वीज उभी करता येते, कोळशाच्या स्टेशनला ते जमत नाही, हे सरांनी तिथे उभं राहून सांगितलं आणि मला एकदम आमच्या बिल्डिंगमधले सात वाजताचे दिवे दिसले. त्या दिवसानंतर ब्रँच चुकली का हा प्रश्न मनात आला नाही. आज मी सबस्टेशन डिझाइनचं काम करते, परत नवी मुंबईतच.

याचा अर्थ सगळ्यांनी लांब जावं असा नाही हं. माझ्या मामेबहिणीने उलटं केलं, घराजवळ कॉम्प्युटर. तिला अकरावीपासून कोडिंगचं वेड, सेकंड इयरपासून महापेला इंटर्नशिप, कॉलेज सुटलं की तिकडे, रात्री घरचं जेवण. कराडला राहून तिला हे मिळालं नसतं, आम्हाला इंटर्नशिपसाठी सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन राहावं लागायचं.

फॉर्म भरताना कटऑफच्या पीडीएफमध्ये आपला कॉलम नीट बघा, इथेच मुलं चुकतात. प्रत्येक कॉलमला जीओपनएच असा कोड असतो, त्याचं शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे आपल्या भागाचं विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. ठाणे-नवी मुंबईची मुलं मुंबई विद्यापीठाची, म्हणून दुसऱ्या विद्यापीठाच्या भागातल्या कॉलेजला एच आणि ओ असे कॉलम असतील तर त्यांनी जीओपनएच बघून काही उपयोग नाही, त्यांच्यासाठी जीओपनओ आणि मुलींचा एलओपनओ. आणि यादी कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावत बसू नका, आपल्याला हव्या त्या क्रमाने लावा. 2025 पासून तीनाऐवजी चार राउंड झालेत आणि दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन, तिसऱ्याला पहिल्या सहा प्रेफरन्सपैकी काही मिळालं तरी ते घ्यावंच लागतं, त्यामुळे नको असलेलं कॉलेज नुसतं सेफ्टी म्हणून वर टाकलं तर तिथेच अडकाल. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. लॉक करायच्या आदल्या रात्री प्रिंट काढून पप्पांनी मला पहिली तीन नावं मोठ्याने वाचायला लावली होती आणि प्रत्येकाला विचारलं, उद्या हेच लागलं तर जाशील का? तिसऱ्या नावाला मी गप्प बसले, ते आम्ही त्याच रात्री काढलं.