झेब्रा डॅनिओची पिल्लं घरी कशी काढायची

झेब्रा डॅनिओ म्हणजे तो जेमतेम साडेतीन-चार सेंटीमीटरचा निळ्या पट्ट्यांचा मासा, स्वस्त मिळतो म्हणून लोकं सरळ काचेच्या बाउलमध्ये ठेवतात, प्लीज असं करू नका. हा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने 1822 मध्ये कोसी नदीतल्या माशांवरून याचं वर्णन केलं, पण तिकडे तो मुख्य धारेत कमी आणि ओढे, डबकी, भातखाचरं असल्या उथळ संथ पाण्यात जास्त सापडतो, थव्याने राहतो आणि पावसाळ्यात अंडी घालतो. आपल्याला घरात तेच जमवायचंय.

टँक उंच नको, लांब हवा, दोन फुटी मस्त. कमीत कमी सहा-आठ मासे ठेवा, दोन-तीनच असले की एकमेकांना हैराण करतात. झाकण पाहिजेच, उड्या मारतात. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाका.

आता ब्रीडिंग. वेगळा छोटा टँक घ्या, पाणी चार-पाच इंचच, 26-28 डिग्री, आणि तळाला गोट्यांचा थर, कारण अंडी चिकटत नाहीत, खाली पडतात आणि आईबापच ती खाऊन टाकतात, गोट्यांच्या फटीत गेली की वाचतात. मादीचं पोट गोल असतं, नर सडपातळ आणि जरा पिवळसर. आठवडाभर दोघांना वेगळं ठेवून आर्टेमिया, डाफ्निया (पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) असं चांगलं खायला घाला, मग संध्याकाळी एक मादी दोन नर सोडा आणि लाइट बंद. सकाळी उजेड पडला की थोड्याच वेळात अंडी पडतात, लगेच मोठे मासे बाहेर काढा.

अंडी पारदर्शक असतात, जगभरच्या लॅबमध्ये हा मासा वापरतात त्याचं हे एक मोठं कारण, आणि चांगलं भिंग असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतलं हृदय धडधडताना दिसतं, मुलांना नक्की दाखवा, खरंच भारी असतं ते!

दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात पण सुरुवातीला काचेला नुसती चिकटून असतात, तेव्हा खायला टाकायचं नाही, पाणी घाण होतं. पाचव्या दिवसाच्या आसपास पोहायला लागली की इन्फ्युसोरिया (पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव) द्या, थोडी मोठी झाली की बेबी आर्टेमिया (अंड्यातून नुकतीच निघालेली आर्टेमिया). फिल्टर स्पंजचाच, दुसरा पिल्लं ओढून घेतो. जास्त झाली तर मित्रांना वाटा, दुकानात द्या, पण आपल्याकडच्या नदीत किंवा तलावात अजिबात सोडू नका.