चाकरमानी येण्याआधी वायफायची तयारी

गणपतीला मुंबईची मंडळी येतात ती आता लॅपटॉप घेऊनच. आमच्या चिऱ्याच्या घरात ओटीवर फुल्ल दिसणारं वायफाय माजघर ओलांडलं की गपगार. म्हणून मखराच्या यादीशेजारी ही आणखी एक. घर रंगवायच्या आधीच हातात घ्या. रंग झाल्यावर भिंतीला भोक पाडायला निघालात तर बोलणी कोण खाणार ते ठरलेलं आहे.

आधी काहीही विकत घेऊ नका. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडा आणि स्पीड बघा. वायरवरच प्लॅनच्या निम्मा स्पीड मिळत असेल तर दुखणं लाइनचं, तक्रार नोंदवून मोकळे व्हा. वायरवर ठीक असेल तर मोबाइलवर सिग्नल मोजणारं ॲप टाका, ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत फिरा आणि आकडे कागदावर लिहा. डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० डीबीएम म्हणजे झकास, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० च्या पुढे नाद सोडा. आमच्या मागच्या खोलीत उणे ८४ होतं. मधे चिऱ्याच्या दोन जाड भिंती आणि एक लोखंडी कपाट. शिवाय गणपती येतात ऐन पावसाळ्यात, आणि ओली भिंत सिग्नल जास्तच खाते.

कपाट सरकवा. राउटर टीव्हीमागून काढून उंच, मोकळ्यावर ठेवा. त्याची बारीक फायबर वायर मात्र कोनात मोडू नका, लाल दिवा लागला की दोन दिवस माणसाची वाट बघत बसाल. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतं. लांबच्या खोलीत २.४ वर जोडा. २.४ चा चॅनल, म्हणजे राउटर ज्या पट्ट्यावर बोलतो तो, १, ६ किंवा ११ ठेवावा म्हणतात ते बिल्डिंगवाल्यांनी जरूर करावं. वाडीत शेजारच्याचं वायफाय मुळात पोचतच नाही.

एवढं करूनही मागची खोली कोरडी राहिली तरच खर्च. सिग्नल पकडून पुढे पाठवणारा रिपीटर स्वस्त पडतो, पण स्वस्तातला बराचसा वेग येण्याजाण्यातच घालवतो. तो ठेवायचा तर अर्ध्या वाटेवर. सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवलात तर पुढे वाटणार काय? माझं मत विचाराल तर राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-सिक्स ही नेटवर्कची केबल ओढा, शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. लांबी अंदाजाने सांगू नका. सुतळी घेऊन वाशाच्या कडेने, खिडकीच्या चौकटीतून प्रत्यक्ष फिरवा आणि मग सुतळी मोजा. मी सरळ रेषेत १२ मीटर धरले होते, लागली १९.

दुसऱ्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) पहिल्या राउटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (जोडलेल्या मोबाइल-लॅपटॉपना असे पत्ते वाटणारी सोय) बंद करा, केबल ‘LAN’ लिहिलेल्या भोकात घाला, आणि वायफायचं नाव-पासवर्ड पहिल्या राउटरचेच द्या.

वीज जाणारच. राउटरचा छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे आम्हाला अंधारात बसल्यावर कळलं.

आता पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून ओटीवर कॅलेंडरशेजारी चिकटवा, नाहीतर आरती चालू असताना पाचजण विचारायला येतील.